उठता आलं पाहिजे

पुण्यात हिंजवडीच्या एका ऑफिसात मी गेली १९ वर्षं विमानाच्या सीटचं काम करते आहे. सीट तयार करणाऱ्या कंपन्या परदेशातल्या. पण सांगाडा, उशी, आर्मरेस्ट, पाय ठेवायची जागा यांचे नकाशे आणि त्यांची गणितं बरीचशी आमच्या टेबलावर होतात. सुरुवातीला इकॉनॉमीच्या सीट केल्या, मग प्रीमियम इकॉनॉमीच्या आणि आता बरीच वर्षं बिझनेस क्लासच्या, पूर्ण आडव्या होणाऱ्या. कामाचा भाग म्हणून मी शेकडो तास नमुन्याच्या सीटवर बसले आहे, झोपले आहे. तरीही सीटबद्दल मला जे उमगलं त्यातलं निम्मं आईला घेऊन लंडनला जाताना उमगलं. दादा तिकडे राहतो. आई ७६ वर्षांची आहे, उंची ४ फूट १० इंच, डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, आणि प्रवासातसुद्धा सुती साडीच नेसणारी. मुलांकडे, नातवंडांकडे इतक्या लांब जाणारे आईवडील आता घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी महागाचं तिकीट काढण्यापूर्वी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

१. इंच कुठून कुठपर्यंत मोजले ते पाहा

विमानाच्या तळाला लांबच लांब धातूचे रूळ असतात आणि त्यांना दर इंचावर एक भोक असतं. सीट त्या भोकांत अडकवतात. म्हणून जगभर दोन रांगांमधलं अंतर इंचातच सांगतात आणि एअरलाइनला ते एकेक इंचाने कमी-जास्त करता येतं. या अंतराला पिच म्हणतात. इकॉनॉमीत ते साधारण ३१ इंच असतं, प्रीमियम इकॉनॉमीत ३८च्या आसपास. पण पिच म्हणजे गुडघ्यासमोरची मोकळी जागा नव्हे. एका सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं ते माप आहे, त्यात पुढच्या सीटच्या पाठीची जाडी धरलेली असते. पाठ जाड असेल तर ३८ इंचांतही गुडघे घासतात.

आणखी एक. काही सीटची पाठ कवचासारखी घट्ट असते. मागे रेलायला बटण दाबलं की पाठ मागे जात नाही, उशीच पुढे सरकते. मागच्या माणसाला त्रास होत नाही हे खरं, पण रेलण्यासाठी लागणारी जागा आपल्याच गुडघ्यांसमोरून जाते. सीटचा फोटो पाहून हे कळत नाही, विचारावं लागतं.

प्रीमियम इकॉनॉमी हा मधला वर्ग तसा जुना. तैवानच्या इव्हा एअरने आणि ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकने तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आणला होता. आपल्याकडे तो विस्तारा या एअरलाइनने जानेवारी २०१५मध्ये सुरू केला आणि आता एअर इंडियाच्या ए३५० विमानात ३१६पैकी २४ जागा या वर्गाच्या आहेत. आपल्या मध्यमवर्गीय घरांना बिझनेस क्लासचं भाडं सहज झेपत नाही, हे झेपू शकतं. त्यामुळे आईवडिलांसाठी बहुतेकांचा विचार इथूनच सुरू होतो, आणि म्हणूनच या वर्गाची पारख जास्त बारकाईने करायला हवी.

२. रुंद सीट प्रत्येकाला आरामाची नसते

आईला पहिल्यांदा प्रीमियम इकॉनॉमीत बसवलं तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "अगं, सीट छान आहे, पण पाय टेकत नाहीत माझे. आणि हात कुठे ठेवू?"

घरी परतल्यावर मी टेप घेतला. आईच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर साडेचौदा इंच भरलं. सीटची पुढची कड जमिनीपासून १७-१८ इंचांवर असते. म्हणजे तिचे पाय लोंबकळणार आणि उशीची कड मांडीच्या खालून रुतणार, तेही नऊ-दहा तास. पाय टेकवायला ती पुढे सरकली की पाठीला आधार राहत नाही. दोन्ही आर्मरेस्ट इतक्या लांब की एका वेळी एकाच कोपराला आधार मिळतो आणि माणूस एका अंगावर कलंडून बसतो. भरदार बांध्याच्या सहा फुटी माणसाला जी सीट सिंहासनासारखी वाटेल, तीच लहान चणीच्या बाईला अवघडून टाकते.

आमच्या कामात सर्वसाधारण नियम असा की सर्वांत लहान चणीच्या ५ टक्के बायका आणि सर्वांत मोठ्या बांध्याचे ५ टक्के पुरुष सोडून उरलेल्या सगळ्यांना सीट चालली पाहिजे. पण ही मापं कोणत्या देशातल्या माणसांची? भारतीय शरीरांची मापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांच्या ग्रंथातून १९९७मध्येच प्रसिद्ध केली आहेत. माझ्या टेबलावर ती प्रत आहे. मी काम केलेल्या सीटच्या कागदपत्रांत मात्र ती मापं मला क्वचितच दिसली.

उपाय साधा आहे. पुढच्या सीटखाली आडवी दांडी असलेला फूटरेस्ट आहे का, ते आधी विचारा. नसेल तर विमानातलं पांघरूण घट्ट गुंडाळून पायांखाली द्या आणि छोटी उशी कमरेमागे. आईच्या बाबतीत या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा सात जादा इंचांनीही पडला नव्हता.

३. मऊपणावर जाऊ नका

दुकानात सोफा घेताना आपण हाताने दाबून पाहतो, बूड टेकवतो आणि म्हणतो, मस्त आहे. विमानाची सीट तशी पारखता येत नाही. मऊ उशी पहिल्या दहा मिनिटांत जिंकते आणि चौथ्या तासाला हरते.

आमच्याकडे बसण्याच्या चाचण्या होतात. विमानासारखा नमुना उभा करतात, माणसं सहा-सहा, आठ-आठ तास बसतात, तिथेच जेवतात, सिनेमा पाहतात. दर तासाला त्यांना शरीराचं चित्र असलेला एक कागद देतात. मान, खांदे, कंबर, बूड, मांड्या, पोटऱ्या, जिथे अवघडलं असेल तिथे आकडा लिहायचा. शिवाय उशीवर दाब मोजणारी चटई अंथरलेली असते. पडद्यावर दाब रंगांत दिसतो. बसण्याची दोन हाडं जिथे टेकतात तिथे लाल. फार मऊ फोम असला की तो काही वेळाने दबून जातो, हाडं खालच्या पट्टीपर्यंत पोहोचतात आणि लाल ठिपके गडद होत जातात. शिवाय मऊ उशीत रुतलेल्या माणसाला कूस बदलणं जड जातं. शरीराला आराम मिळतो तो थोडं थोडं हलत राहिल्याने. इतकी वर्षं हे कागद वाचून माझं मत पक्कं झालं आहे: सीट किती मऊ आहे यापेक्षा तिच्यावर किती सहज हलता येतं हे महत्त्वाचं.

मऊपणाला दुसरीही मर्यादा आहे, आणि ती जिवाशी संबंधित आहे. १९८८पासूनच्या अमेरिकी नियमानुसार नव्या रचनेच्या विमानांतल्या सीटना आदळण्याच्या चाचण्या द्याव्या लागतात. एका चाचणीत सीट पुढच्या दिशेने १६ जी इतक्या धक्क्याने थांबवतात, म्हणजे शरीराच्या वजनाच्या १६ पट जोर. दुसरीत मुख्यतः खालच्या दिशेने १४ जी. त्या वेळी सीटवर बसवलेल्या पुतळ्याच्या कमरेच्या मणक्यावर १,५०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ६८० किलोंपेक्षा जास्त भार येता कामा नये. उशी फार मऊ असेल तर शरीर आधी खाली जातं आणि मग सांगाड्यावर जोराने आपटतं, भार कमी होण्याऐवजी वाढतो. ही चाचणी मी समोर उभी राहून पाहिली आहे. डोळ्यांचं पातं लवायच्या आत सगळं संपतं. त्या दिवसापासून सीट टणक आहे म्हणून कुणी तक्रार केली की मी त्यांना हे सांगते.

आणि आग. उशीवर दोन मिनिटं भट्टीसारखी ज्वाळा सोडतात. तिचं वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं तर ती नापास. म्हणून फोम आणि कापड यांच्यामध्ये आग रोखणारा थर असतो. घरच्या गादीसारखा स्पर्श विमानात मिळत नाही याचं हे मुख्य कारण आहे, आणि ते योग्यच कारण आहे.

४. पूर्ण आडवी आणि जवळपास आडवी

ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट आणली. एक प्रवासी पुढे तोंड करून, शेजारचा मागे तोंड करून, अशी ती मांडणी होती. लंडनच्या टँजरिन या डिझाइन संस्थेने ती केली होती. त्यानंतर बरीच वर्षं अनेक कंपन्यांनी तिरकी आडवी सीट दिली. पाठ आणि पाय एका रेषेत, पण ती रेष जमिनीकडे कललेली. अशा सीटवर झोपलेला माणूस रात्रभर थोडा थोडा खाली घसरतो आणि पायाने स्वतःला वर रेटत राहतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हे सोसत नाही. अजूनही काही जुन्या विमानांत अशा सीट आहेत. तिकिटावर फक्त "बिझनेस" लिहिलेलं असतं, तेव्हा विमान कोणतं आणि सीट कोणती, ते पाहूनच पैसे भरा.

५. पायांचं कपाट

बिझनेस क्लासचा पलंग साडेसहा फुटांचा, असं जाहिरातीत असतं. ते खरंही असतं. पण त्या साडेसहा फुटांतले शेवटचे दीड-दोन फूट कुठे असतात? बऱ्याच मांडण्यांमध्ये ते पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या टेबलाखाली असतात. तिथे कोनाडा केलेला असतो आणि आपले पाय त्यात जातात. एवढ्या जागेत इतके पलंग बसवण्याची युक्ती हीच आहे. नकाशावर ती सुंदर दिसते. माझ्या हातून असे कोनाडे काढून झाले आहेत. झोपणाऱ्याला मात्र कुशीवर वळताना दोन्ही पाय एकदम वळवता येत नाहीत, बोटं वरच्या फळीला लागतात. अंगावर पांघरूण असेल तर जागा आणखी कमी.

बिझनेस क्लासमधल्या पहिल्या रात्री आईने सांगितलं, "कुणीतरी पाय धरून ठेवल्यासारखं वाटतं."

सर्वांत पुढच्या रांगेत समोर प्रवासी नसतो, भिंत असते. तिथला कोनाडा बहुधा बराच मोठा असतो. हातापायांत सूज येणाऱ्यांनी, कुशीवर झोपणाऱ्यांनी, मोठ्या पावलांच्या माणसांनी ती रांग आवर्जून मागावी. तिथे बाळांचे पाळणे लावायची सोय असते, त्यामुळे रडणं ऐकू येईल ही शक्यता गृहीत धरावी. मी पायांच्या बदल्यात ते पत्करते.

६. दार

जेटब्ल्यूने २०१४मध्ये आपल्या काही सीटना सरकतं दार दिलं. कतार एअरवेजच्या २०१७च्या क्यूस्वीटमुळे दाराची चर्चा जगभर झाली. २०१९मध्ये ब्रिटिश एअरवेजनेही दार आणलं, आणि एअर इंडियाच्या ए३५०मधल्या बिझनेसच्या २८ जागांनाही दारं आहेत. आता दार नसलेली नवी सीट जुनाट वाटावी, इथवर गोष्ट आली आहे.

माझं मत थोडं वेगळं आहे. दाराला जाडी असते, रूळ असतात, कुलूप असतं. उड्डाण करताना आणि उतरताना ते उघडं आणि पक्कं अडकवलेलं असलं पाहिजे, अडकून बसलं तरी आतल्या माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे. त्यासाठी आणखी यंत्रणा. हे सगळं बसवायला जे सेंटिमीटर लागतात ते खांद्यापासून, कोपरापासून, पलंगाच्या रुंदीतून निघतात. एकट्याने जाणाऱ्या बाईला रात्री दार लावून निर्धास्त झोपता येतं, हा दाराचा खरा फायदा आहे आणि तो मी कमी लेखत नाही.

पण आईचं दार क्रूमधल्या मुलीने प्रेमाने लावून दिलं तेव्हा मी पलीकडच्या खिडकीपाशी होते. पाच मिनिटांत आईने ते उघडलं. "तू दिसत नाहीस," एवढंच म्हणाली. तेव्हापासून आम्ही मधल्या दोन जागा घेतो. त्यांच्यामधली पडदी खाली करता येते आणि रात्री हात लांब केला की आईचा हात लागतो.

७. उठणं

आता मला जे सगळ्यांत तळमळून सांगायचं आहे ते.

अशाच शेजारच्या जागांवरून केलेल्या एका प्रवासात पहाटे तीनच्या सुमारास मला जाग आली, कारण आई दबक्या आवाजात हाक मारत होती. तिला बाथरूमला जायचं होतं आणि उठता येत नव्हतं. सीट पूर्ण आडवी होती, म्हणजे जमिनीच्या बरीच जवळ. पाय कोनाड्यात. सीट सरळ करायचं बटण काचेच्या सपाट पट्टीवर होतं, बोटाला न जाणवणारं, आणि अंधारात ती पट्टी विझलेली होती. आर्मरेस्ट पलंगाच्या पातळीला गेलेली, म्हणजे धरायला काहीच नाही. साडीच्या निऱ्या पट्ट्यात अडकलेल्या. आई किती वेळ धडपडत होती कोण जाणे. मला त्रास नको म्हणून तिने लवकर हाक मारली नव्हती.

मी तिला उठवलं, नेऊन आणलं आणि मग सकाळपर्यंत झोपले नाही. आम्ही केलेल्या एवढ्या चाचण्यांमध्ये बसण्याचे आकडे होते, झोपण्याचे होते. उठण्याचा रकाना नव्हता. ज्या चाचण्या मी पाहिल्या त्यांत साठीच्या पुढचं एकही माणूस नव्हतं. सगळी ऑफिसातली, पंचवीस ते पंचेचाळीसमधली, निरोगी, बहुतेक सगळी पँट घातलेली. ही चूक माझीही आहे. तो कागद मी वर्षानुवर्षं पाहिला होता आणि त्यात काय नाही हे मला दिसलं नव्हतं.

परतल्यावर मी तीन गोष्टी मागायला सुरुवात केली. सीट उभी करायला बोटाला जाणवणारं, वर आलेलं एक खरं बटण. पलंगावरून उठताना पकडता येईल अशी, माणसाचा भार पेलणारी एक कड. आणि चाचणीत निदान चार जण सत्तरीच्या आसपासचे. कडेच्या बाबतीत वजनाचा आणि खर्चाचा प्रश्न निघाला, कारण विमानात प्रत्येक किलोमागे वर्षानुवर्षं इंधन जळतं. तरी दोन वर्षांनी एका सीटमध्ये ती कड आली. अंगठ्याएवढी जाड, बाजूच्या टेबलाच्या पोटात दडलेली. प्रवाशांपैकी कितीजणांच्या लक्षात येईल सांगता येत नाही, पण ज्याला लागेल त्याच्या हाताला ती सापडेल.

तोवर आपण एवढं करू शकतो: बसल्या बसल्या, दिवे असतानाच, आईवडिलांचा हात धरून तो बटणावर ठेवा आणि दोनदा सीट आडवी-उभी करून घ्या. रात्री पूर्ण आडवी न करता पाठ किंचित वर ठेवा. पट्टा साडीच्या किंवा पांघरुणाच्या वरून बांधा.

८. फोन सीटमध्ये पडला तर

सीट अजिबात हलवू नका. क्रूला बोलवा. आडव्या होणाऱ्या सीटच्या यंत्रणेत फोन चिरडला तर त्याची बॅटरी पेट घेऊ शकते, आणि असे प्रसंग घडले आहेत. ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा. चष्मा, फोन शोधायला ते हमखास सीट पुढे-मागे करतात.

९. सीटबाहेरचा आराम

बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत आतला हवेचा दाब कमीत कमी ६,००० फुटांवर असतो तेवढा राखतात, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांवरच्या दाबाइतका उतरतो. कळसूबाईचं शिखर सुमारे ५,४०० फुटांवर आहे; त्याच्या थोडं वर बसून रात्र काढणं आणि त्याहून आणखी दोन हजार फूट उंचावर काढणं यातला फरक म्हाताऱ्या शरीराला कळतो. आईचं डोकं जुन्या विमानात हमखास दुखतं. हा आराम बिझनेसला आणि इकॉनॉमीला सारखाच मिळतो. पैसे कमी असतील तर आधी विमान निवडा, मग वर्ग.

आणि सीट कितीही महाग असो, उठून चालावंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त वेळ बसून केलेल्या प्रवासाने शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. विमान असो, बस, रेल्वे की मोटार. निरोगी माणसात तो तरीही सहा हजारांत एक एवढाच आहे, पण वय, शस्त्रक्रिया, जुनी दुखणी यांनी तो वाढतो. आई दर दोन तासांनी उठते. म्हणून तर तिला सहज उठता येणं मला एवढं महत्त्वाचं वाटतं.

प्रवास संपल्यावर दोन दिवसांत एअरलाइनकडून प्रश्नांची एक मेल येते. आपण ती न उघडताच पुसून टाकतो, आणि आईवडिलांच्या नावाची तर कुणीच भरत नाही. त्या उत्तरांचे आकडे होऊन ते आमच्यासारख्यांच्या टेबलापर्यंत येतात, हे मी रोज पाहते. ती भरा. आईशेजारी बसून, तिला विचारून भरा. पाय टेकले का, बटण सापडलं का, रात्री उठता आलं का, हे शेवटच्या मोकळ्या चौकटीत लिहा; मराठीत लिहिलंत तरी चालेल.